प्रमिलाच्या नावाचं फूल

मे महिन्यात भुसावळजवळच्या दीपनगरच्या वसाहतीत माणसं कूलरपुढे बसतात. जीवराम फेगड्यांच्या घरी मात्र कूलरपुढे झाडं बसत आणि माणसं ओला पंचा डोक्यावर टाकून स्वयंपाकघरात. फेगडे औष्णिक वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होते. पाळीभर तबकड्यांवरच्या काट्यांकडे बघायचं आणि एखादा काटा हलला की दचकायचं, हे त्यांचं काम. अशा माणसाला घरी काहीतरी न हलणारं लागतं. फेगड्यांनी आमरी पाळली. आमरी म्हणजे ऑर्किड. तिच्याइतकं न हलणारं दुसरं काही वसाहतीत नव्हतं.

मूळच्या साक्रीकडच्या, पण वसाहतीतच राहणाऱ्या मगन नावाच्या सोबत्यानं वादळात मोडलेली आंब्याची एक फांदी आणून दिली होती आणि तिच्यावर आमरीची दोन रोपं मुळ्या आवळून बसली होती. फेगड्यांच्या आईनं, धुरपदाबाईंनी, ती पाहताक्षणी "बांडगूळ!" म्हणून निकाल दिला. "दुसऱ्याच्या जिवावर जगणारं झाड हाये ते. घरात काबरं आणलं?" त्यावर फेगड्यांनी आमरी कोणाच्याही जिवावर जगत नाही, नुसती टेकून बसते, असं समजावून सांगितलं. मग वाचनालयातून एक इंग्रजी पुस्तक आणलं. आमरीला गार, दमट वारा हवा असं त्यात लिहिलं होतं. लिहिणाऱ्यानं भुसावळचा मे महिना पाहिलेला नव्हता, पण फेगड्यांचा छापील अक्षरावर फार विश्वास. घरातला एकुलता एक कूलर त्याच दिवशी फांदीकडे वळला.

"त्या फांदीला वाळ्याचा वारा, आणि मला घामोळं," त्यांची बायको प्रमिला म्हणाली.

"अगं, एकदा फुलू दे तर खरी. पहिल्या फुलाला तुझं नाव देतो."

"माझं नाव?"

"दिला शब्द!"

प्रमिला हरखली. तिचं नाव आजवर रेशनकार्डाखेरीज कुठं लागलेलं नव्हतं. त्या शब्दावर तिनं चार उन्हाळे घामात काढले, आणि चारही उन्हाळे आमरी ढिम्म बसून राहिली. पाचव्या उन्हाळ्यात मात्र दोन्ही रोपांना दांडे आले आणि दांड्यांना कळ्या आल्या. फेगडे पाळीवरून सुटले की सायकल स्टँडला न लावताच आत धावत.

पहिलं रोप पुस्तकाबरहुकूम फुललं. पिवळसर तपकिरी, चौकटीच्या लुंगीसारख्या पाकळ्या आणि मधोमध खाली झुकलेली एक जांभळी पाकळी. तिला शास्त्रात ओठ म्हणतात. दुसऱ्या रोपाची चार फुलं उमलली आणि फेगडे स्टुलावर बसलेच. या फुलांना एकाऐवजी तीन ओठ होते. खालचा जागेवर होताच, पण शेजारच्या दोन पाकळ्याही जांभळ्या होऊन पुढं झुकल्या होत्या. फूल कोणाशी तरी कडाकडा भांडत असल्यासारखं दिसत होतं.

फेगड्यांनी फोटो काढून घेतले आणि ते घेऊन जळगावला वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक तोताराम बोंडे यांचं घर गाठलं. बोंडे सरांनी फोटो पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि खुर्चीतून उठलेच.

"फेगडे, ही विकृती आहे!"

"माझं काही चुकलं का सर?"

"अहो, अभिनंदन करतोय मी तुमचं! फुलातली अशी विकृती बघायला मिळायला नशीब लागतं. रविवारी येतो. डोळ्यांनी बघतो आणि माझ्या पुस्तकात या प्रकाराची नोंदच करून टाकतो. नाव काय द्यायचं ते तेवढं ठरवून ठेवा."

फेगडे परतले ते फाटकातूनच ओरडत. शेजारच्या बेबाबाई कुंपणापाशी कुरडया वाळत घालत होत्या.

"बेबाताई, विकृत निघालं हो, विकृत!"

"अगं बाई! कोण?"

"फूल आमचं! खुद्द बोंडे सर म्हणाले. आता त्याला हिचं नाव देणार. पुस्तकात छापून येणार!"

बेबाबाईंनी कुंपणावरून, उघड्या खिडकीतून फुलाकडं पाहिलं. मग दारात आलेल्या प्रमिलाकडं पाहिलं. मग पुन्हा फुलाकडं.

"म्हणजे विकृत प्रमिला?"

"अगदी बरोबर!"

"आणि हे जांभळं जांभळं काय म्हणायचं?"

"ओठ. एक असायला हवा, पण याला तीन आहेत."

"तीन ओठांची विकृत प्रमिला," बेबाबाई सावकाश म्हणाल्या. पाठ करायच्या गोष्टी त्या नेहमी एकदा मोठ्यानं म्हणून बघत.

संध्याकाळपर्यंत वसाहतीतल्या बायकांचंही पाठ झालं. दळण आणायला गिरणीवर गेलेल्या प्रमिलाचं तिथं सहा-सात जणींनी अभिनंदन केलं. एकीनं तर "आमच्या ह्यांना तर हे कधीच माहीत होतं!" असंही म्हणून घेतलं. प्रमिला दळण घेऊन घरी आली ती गप्पच. आनंदानं हिची वाचाच बसली, असं फेगड्यांना वाटलं. जेवताना तिनं एवढंच विचारलं, "एकदा नोंद झाली की ते नाव बदलता येतं का हो?"

"छे! पुस्तकात गेलं की गेलं. आपण मेलो तरी नाव राहणार."

प्रमिलानं त्यांच्या पानात न मागता आणखी एक भाकरी वाढली आणि ताट घेऊन आत गेली.

शनिवारी प्रमिलाचे वडील आले. सावद्याकडचे झिपरू आबा, केळीचे बागाईतदार. नातवंडं सुटीत त्यांच्याकडंच होती. तिथली खबर द्यायला आणि केळीची एक फणी टाकायला ते आले होते. आबा माणूस सोन्यासारखा, पण एका बाबतीत कडक. मुलीच्या घरचं फुकट खायचं नाही. मुलीला मूल झालं की बाकीचे लोक ही चाल सोडून देतात. आबांनी सोडली नव्हती, फक्त तिच्यात एक पळवाट काढली होती. खायचं, पण खाल्ल्याइतकं त्या घरात काम करून द्यायचं, म्हणजे ते फुकट होत नाही.

ही पळवाट फेगड्यांना फार महागात पडत असे. मागच्या खेपेला पुरणपोळ्या झाल्या तेव्हा आबांनी चांगली चालणारी शिलाई मशीन तेलपाण्यासाठी खोलली होती आणि ती अजून ताटलीतच होती. त्याच्या आधी आमरस झाला, तेव्हा त्यांनी फाटकाची कुरकुर बंद केली. कुरकुर गेली ती गेली, फाटक लागायचंही बंद झालं. पण सासऱ्याला जावई काय बोलणार? फेगडे दर वेळी हात जोडून "कशाला त्रास घेतलात" म्हणत. ते मनापासून म्हणत असत, पण आबांना तो विनय वाटे.

त्या दिवशी प्रमिलानं वरण-बट्टी केली. फेगडे सकाळच्या पाळीला होते. आबा एकटेच जेवायला बसले आणि प्रमिलानं आग्रह कर-करून त्यांना पाच बट्ट्या वाढल्या. पाच बट्ट्या म्हणजे काम मोठंच निघणार होतं.

फेगडे तीनच्या सुमाराला घरी आले तेव्हा आबा ओसरीत बसून विळा धूत होते. चेहऱ्यावर समाधान होतं. ते समाधान पाहून फेगड्यांनी घाईघाईनं ओसरीतल्या वस्तू मोजल्या.

"या, जावाईबापू," आबा म्हणाले. "तुमच्या त्या झाडाचं काम करून टाकलं."

"कुठल्या झाडाचं?"

"त्या फांदीवरच्या. एका दांड्याले फुलं सारी वेडीवाकडी आली व्हती. काढून टाकली. आता शेंड्याच्या दोन कळ्यांले कसा जोर भेटीन! आम्ही घडाच्या खालच्या वाकड्या फण्या नही काढून टाकत का? तसंच हे."

फेगड्यांनी खांब धरला. समोर बायकोचा बाप होता आणि त्याच्या हातात विळा होता.

"फार... फार छान केलंत आबा. कशाला त्रास घेतलात?"

"त्रास कशाचा! पाच बट्ट्या खाल्ल्या ना."

"आणि ती... काढलेली फुलं?"

"वॉचमनची बकरी आली व्हती. तिले देल्ली. आवडली तिले."

फेगडे आत जाऊन पलंगावर आडवे झाले. प्रमिला पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"गेलं," ते छताकडं बघत म्हणाले. "तुझं नाव बकरीनं खाल्लं."

"जाऊ द्या हो. एवढं काय त्यात! सरांना कळवा, येऊ नका म्हणून."

"आता पत्र कधी पोचणार? उद्या सकाळच्या गाडीनं निघतील ते. आणि कळवायचं कशाला? मी तुला शब्द दिलाय. चार उन्हाळे तू भट्टीत काढलेस, ते काय बकरीसाठी?" फेगडे ताडकन उठून बसले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांतच त्यांना एक कल्पना सुचली होती. "पहिल्या रोपाला साधी फुलं आहेत ना? एका फुलाच्या बाजूच्या दोन पाकळ्या काढायच्या, तिथं दुसऱ्या दोन फुलांचे ओठ चिकटवायचे. झाले तीन!"

"अहो, काहीतरीच! सरांना कळणार नाही का?"

"त्यांना दुरून दाखवू."

प्रमिलानं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "चिकटवणार कशानं? दुकानातला गोंद फुलाला मानवायचा नाही. माझ्याकडं लाडवांचा डिंक आहे. पाण्यात विरघळवून देते. थोडी साखर घालते, म्हणजे चांगला धरेल."

फेगड्यांना भरून आलं. अशी बायको मिळायला पुण्याई लागते, असं त्यांना वाटलं.

रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर शस्त्रक्रिया झाली. फेगड्यांनी चिमट्यानं ओठ धरले, प्रमिलानं काडीनं डिंक लावला आणि तयार झालेलं फूल मागून दोऱ्यानं दुसऱ्या रोपाच्या दांड्याला बांधलं. हे काय चाललंय असं धुरपदाबाईंनी दोनदा विचारलं, तेव्हा त्यांना "पूजा आहे" असं सांगून देवघराकडं पाठवलं. आबांना संशय यायला नको म्हणून त्यांना मागच्या अंगणात पाण्याची टाकी घासायला लावलं. दोन केळी खाल्ल्यावर ते आनंदानं गेले. केळी त्यांचीच होती, पण खाल्ली मुलीच्या घरी.

बोंडे सर आले ते घामानं निथळतच. हातात भिंग होतं. फेगड्यांनी त्यांना दारापासच्या खुर्चीत बसवलं. फांदी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती.

"इथूनच छान दिसतं सर. जवळून जरा लाजतं ते."

"फूल लाजतं?"

"म्हणजे नाजूक आहे."

सर अर्थात उठलेच. तीन पावलांत फांदीपाशी पोचले आणि त्यांनी फुलाला भिंग लावलं. फेगड्यांनी डोळे मिटून घेतले.

"फेगडे, या फुलावर मुंग्या आहेत."

फेगड्यांनी डोळे उघडले. जमिनीवरून फांदीवर, फांदीवरून दांड्यावर, दांड्यावरून थेट फुलापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.

"विलक्षण!" सर पुटपुटले. "ओठांच्या मुळाशी काहीतरी गोड स्रवतंय. चिकट आहे. आमरीत असं कधी पाहिलं नव्हतं. फेगडे, प्रकरण वाटलं त्याहून मोठं आहे. पुण्याला कळवावं लागेल!"

पुण्याला कळवायचं म्हटल्यावर फेगड्यांनी पुन्हा डोळे मिटले. कंट्रोल रूममध्ये सगळे काटे एकदम तांबड्यात गेले असते तरी ते इतके घाबरले नसते. तेवढ्यात प्रमिला चहा घेऊन आली. सरांनी एका हातात कप घेतला, दुसऱ्या हातातलं भिंग फुलावरून काही हटेना.

"अगं बाई, सरांना केवढा घाम आलाय!" प्रमिला म्हणाली आणि फेगडे नको नको म्हणेपर्यंत तिनं कूलर पूर्ण वेगावर केला.

कूलरच्या टाकीत नुकतंच पाणी भरलं होतं. कूलरनं आधी एक ढेकर दिला, मग वाऱ्याबरोबर पाण्याचा फवारा सोडला. फूल थरथरलं. डावा ओठ हळूच सुटला आणि सरांच्या चहात पडला. सर कपात बघतात तोच उजवा ओठ त्यांच्या बाहीला चिकटला. मग उरलेलं फूलच दांड्यावरून घसरलं आणि दोऱ्याला लोंबकळत गोल गोल फिरू लागलं. मुंग्या खाली उतरायला लागल्या.

सरांनी चमच्यानं ओठ चहातून काढला आणि बशीत ठेवला.

"फेगडे, हा काय प्रकार आहे?"

मुलाबाळांचा बाप, शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला. तेवढ्यात मागच्या दारातून टाकीचा काथ्या हातात घेऊन आबा आले. त्यांनी लोंबकळणारं फूल पाहिलं, जावयाचा चेहरा पाहिला, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"सर, जावाईबापूचा दोष नही," ते पुढं होऊन म्हणाले. "मी काल आठी, लेकीच्या घरी, पाच बट्ट्या खाल्ल्या."

"कशा?"

"वरणाबरोबर. म्हनून मी ती खरी फुलं कापली. मले वाटलं, वाकडी हायेत. माझ्यापायी त्याहिले हे सोंग करनं पडलं. मले काय बोलायचं ते बोला."

बट्ट्यांचा फुलांशी काय संबंध, हे सरांना काही केल्या उमगेना. फेगड्यांनी मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, बकरीसकट. सर आधी रागानं लाल झाले, मग डिंक ऐकून त्यांचे गाल थरथरायला लागले आणि साखरेपाशी ते जे हसत सुटले ते खुर्चीत बसेपर्यंत थांबले नाहीत.

"अहो, फुलं तोडल्यानं झाडाचा गुण जातो का?" डोळे पुसत ते म्हणाले. "शेंड्याला दोन कळ्या आहेत ना? टाचणी आणा."

त्यांनी एक कळी अलगद उकलली आणि भिंगाखाली धरली. आत इवलेइवले तीन ओठ एकमेकांना चिकटून बसले होते.

"आहे! खरी आहे विकृती! दुसरी कळी उमलू द्या, तिचे फोटो पाठवा. नोंद नक्की. आणि हो, हा कूलर कशासाठी?"

"आमरीला गार वारा लागतो ना सर? पुस्तकात आहे."

"ते थंड डोंगरातल्या आमरीचं. ही आपल्या साक्रीकडची. हिला ऊनच मानवतं. गार वारा नसता तर चार वर्षांपूर्वीच फुलली असती. कूलर माणसांना लावा!"

प्रमिलानं नवऱ्याकडं पाहिलं. फेगड्यांनी मुंग्यांकडं पाहिलं.

"बरं, नाव काय ठरलं?" सरांनी पेन काढलं. कुंपणापलीकडं बेबाबाई केव्हाच्या येऊन उभ्या होत्या. देवघरातून धुरपदाबाईही, पूजा कुठली म्हणून विचारत, बाहेर आल्या होत्या. फेगड्यांनी छाती पुढं काढली. या एका क्षणासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लबाडी केली होती.

"लिहा सर. प्रमि—"

"थांबा," प्रमिला डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली. "घरात मोठं माणूस असताना माझं नाव लावायचं? शोभत नाही ते. आईंचं नाव द्या. धुरपदा."

सगळे चकित झाले. धुरपदाबाईंच्या हातातली हळदकुंकवाची वाटी कलंडली.

"माय वं!" त्या तिथंच खाली बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "माझ्या पोटच्या लेकींहीनं कधी असं केलं नही. सून नही वं तू, लेक हायेस माझी!"

सरांनी मोठ्या अक्षरांत 'धुरपदा' लिहून घेतलं. बेबाबाई कुंपणापाशी काहीतरी मोठ्यानं म्हणून बघणार होत्या. पण धुरपदाबाईंनी नुसती मान वळवताच त्यांनी ते गिळलं आणि कुरडया गोळा करायला लागल्या. धुरपदाबाईंच्या तोंडाला लागायची वसाहतीत कोणाची छाती नव्हती. त्या फुलाचं पूर्ण नाव पुढंही कधी कोणी उच्चारलं नाही.

दुपार उतरल्यावर प्रमिला आबांना एस.टी.पर्यंत पोचवायला गेली. फाट्यावर निंबाच्या सावलीत दोघं उभी राहिली.

"पोरी, मले एक सांग," आबा म्हणाले. "'आबा, ती वेडीवाकडी फुलं तेवढी काढून टाका,' आसं जेवन झाल्यावर तूच म्हनली ना मले?"

"हो."

"मंग मघाशी मी बोलत व्हतो तव्हा तू गप काबरं?"

"तुम्हीच बट्ट्या खाल्ल्या म्हणालात ना, आबा? मी वाढल्या होत्या पाच. सरांपुढं तुम्ही जे बोललात, ते पाचव्या बट्टीचं काम."

आबांनी लेकीकडं नीट पाहिलं. मग उपरण्यात तोंड खुपसून ते इतके हसले की गाडी आली तरी कंडक्टरला हात दाखवायचं त्यांना सुचलं नाही. प्रमिलानंच गाडी थांबवली.

ती घरी आली तेव्हा कूलर खोलीकडं वळलेला होता आणि त्याच्यासमोर तिची खुर्ची मांडलेली होती. प्रमिला बसली. पाच उन्हाळ्यांत पहिल्यांदा तिच्या मानेला गार वारा लागला आणि तिनं डोळे मिटले. फेगडे शेजारी येऊन जमिनीवर बसले.

"एवढं मोठं मन मी पाहिलं नाही, प्रमिला. हातातोंडाशी आलेलं नाव तू आईला दिलंस."

"जाऊ द्या हो. झालं ते बरंच झालं."

"नाही, माझ्या मनाला लागलंय ते. तुला दिलेला शब्द तसाच राहिला. म्हणून मी आत्ताच मगनकडं जाऊन आलो. साक्रीच्या डोंगरातून आणखी फांद्या मागवल्यात, चांगल्या सात-आठ." फेगड्यांनी तिचा हात घट्ट धरला. "याच्याहून विकृत फूल काढून दाखवतो तुला. आणि त्याला फक्त तुझंच नाव देणार. आईनं कितीही रडून दाखवलं तरी!"